खडू न लागलेला डोम

मडकं घ्यायला मी आता बाजारात जात नाही. बायको जाऊ देत नाही. होळी झाली की अमरावतीच्या बाजारात कुंभारणीपुढे उकिडवं बसायचं, बोटाच्या पेरानं दहा मडकी ठोकायची, मान कलती करून, डोळे मिटून ऐकायचं, आणि घरी हटकून चिरलेलं मडकं आणायचं, हे मी कित्येक वर्षं केलं. "जिंदगीभर इमानाची नाकं ठोकली म्हनता, अन् मडकं कळत नाही तुमाले," असं बायको शेजारणीसमोर म्हणते. शेजारीण हसते, मीही हसतो. ती थट्टा करते आणि नेमकं खरं तेच बोलते, हे तिला माहीत नाही. तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

यंदाही उन्हाळा आलाच. न येऊन सांगतो कोणाला? सकाळी नऊलाच अंगणात पाय ठेववत नाही, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलं की अर्ध्या तासात ती पुन्हा खडखडीत, आणि दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अमरावतीच्या लोकांना वाटतं, हा उन्हाळा. मला हसू येतं. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं टिनाच्या शेडखाली काढला, त्याला अमरावतीची दुपार म्हणजे महाबळेश्वर. खिशात कांदा, डोक्याला ओला दुपट्टा, आणि पाणी पिताना तांब्याचा काठ ओठाला चटका देतो, असला तो उन्हाळा. सायकलचं सीट फडकं टाकल्याशिवाय बसू देत नसे. लोक त्या उन्हाला शिव्या घालायचे. आमची कंपनी मात्र त्याच उन्हावर जगत होती.

हे सांगायला हवं, नाहीतर अकोल्यात विमानाचं काय काम, असं कोणीही विचारील. मोठ्या प्रवासी विमानाच्या नाकात रडार असतं. पुढे ढग किती जाड, कुठून वळसा घ्यायचा, ते वैमानिकाला त्यावरून कळतं. त्या रडारवर टोपण घालावं लागतं, आणि ते धातूचं चालत नाही, कारण रडारला धातूपलीकडचं दिसत नाही. म्हणून ते काचेच्या धाग्यांच्या कापडाचं करतात. आत एक थर, बाहेर एक थर, मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी कप्पे, आणि सगळं रेझिननं चिकटवलेलं. त्याला रेडोम म्हणतात. आम्ही नुसतं डोम म्हणायचो. गारा लागतात, पाऊस आपटतो, वरच्या थराला केसाएवढी भेग जाते, तेवढ्यातून पाणी आत शिरतं आणि पोळ्यात बसून राहतं. बाहेरून डोम दिसतो लख्ख, पण रडार त्या पाण्यापाशीच अडतं. पुढे काळाकुट्ट ढग असला तरी वैमानिकाला आभाळ मोकळं दिसतं. म्हणजे डोम ओला तर विमान आंधळं, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं कळेल.

मुंबईच्या दमट हवेत ते पाणी लवकर निघत नाही. म्हणून कोणा शहाण्या माणसाच्या डोक्यातून निघालं की डोम वऱ्हाडात न्या, तिथं ऊन फुकट आहे. साठ सालाच्या आगेमागे, सरकी-रुईचा हंगाम संपून जिनिंगच्या शेडा ओस पडल्या की त्यातली एक मालक भाड्यानं घ्यायचे आणि चैत्रापासून मृगापर्यंत आमचं काम चालायचं. लाकडी खोक्यांतून डोम रेल्वेनं यायचे. आम्ही ते ठोकून ओली जागा शोधायची, खडूनं घेरायची, वरचा थर कापून पोळं उघडं करायचं, दुपारभर ऊन पाजायचं, मग नवं पोळं बसवून काचकापडाचे थर द्यायचे आणि घासून मूळच्या जाडीला आणायचं. ठिगळ जाड झालं तरी रडार तिरपं पाहतं. रेझिनचं काम पहाटे उजाडल्यापासून आठपर्यंत. त्यानंतर कालवलं तर ते भांड्यातच दगड व्हायचं आणि भांडं हातात धरवायचं नाही. काचेची कुसळं घामात मिसळून अंगभर टोचायची, खाजवलं की आणखी आत जायची. बाह्या सुतळीनं बांधून आम्ही काम करायचो. आणि शेडमधला एक नियम असा कडक की मोडला तर हाकलून देतील. डोमला पाण्याचा थेंब लावायचा नाही. पुसायचं ते कोरड्या फडक्यानं.

या सगळ्यात खरी मेख ठोकण्याची. त्यासाठी आमच्याकडे जुना तांब्याचा ढब्बू पैसा होता, कडा घासून गोल केलेला. नाकाच्या टोकापासून सुरुवात करून गोलगोल खाली यायचं, टिकटिक टिकटिक. कोरडी जागा टणक बोलते आणि ओली जागा बसकी. असं म्हणतात. मी म्हणतात म्हणतो, कारण मला तो फरक उभ्या जन्मात ऐकू आला नाही.

पुंडलिकला यायचा. पुंडलिक इंगळे, माझ्याच गावचा, अंजनगाव सुर्जीकडचा, माझ्याच वयाचा. तो ढब्बू पैसा हातात घ्यायचा, आणि त्याचा चेहरा बाळ निजलेल्या घरात चालणाऱ्या माणसासारखा व्हायचा. ठोकता ठोकता मधेच थांबायचा, एक बोट मागे जायचा, खडूनं वर्तुळ काढायचा. तिथं कापलं की पाणी. दर वेळी पाणी. जिथं त्यानं खडू मारला नाही तिथं कापायची गरज नाही, हे तीन उन्हाळे आमच्या शेडमधलं गीतेतलं वाक्य होतं. आमचे फोरमन दामले पुण्याचे, शुद्धलेखन तपासल्यासारखं माणूस तपासायचे, पण पुंडलिकच्या खडूवर त्यांनी कधी शंका घेतली नाही.

मी पण इंगळे. घोटाळा इथं आहे. आमच्या भागात इंगळे आमच्यातही आणि त्यांच्यातही. आमची काळ्या मातीची चाळीस एकर, काका गावचे पाटील. पुंडलिकचा बाप गंगाराम गावचा कोतवाल, डफडं वाजवून दवंडी द्यायचा. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली, आणि गंगारामनं डफड्याचं चामडं फाडून कडं चुलीत घातलं. आजपासून दवंडी नाही, म्हणाला. काकांनी निरोपावर निरोप पाठवले. मग त्याला कापूस वेचायला बोलवणं बंद झालं. मग त्याच्या आळीतल्या कोणालाच. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. घरात ही चर्चा जेवताना चालायची, आणि मी भाकरीवर ठेचा घेत ऐकायचो. गंगाराम बिऱ्हाड घेऊन अकोल्याला आला आणि कापसाच्या गाठी वाहू लागला. पुंडलिकनं हमाली करत रात्रशाळेत मॅट्रिक केलं. हे सगळं मला ठाऊक होतं. अकोल्यातल्या शेडमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. पुंडलिक काही लपवत नव्हता हं. कोणी विचारलं असतं तर त्यानं मान वर करून सांगितलं असतं. पण कोणी विचारलं नाही. हजेरीत आम्ही इंगळे एक आणि इंगळे दोन, बस्स. तो मला सुधाकरभाऊ आणि तुमी म्हणायचा, मी त्याला पुंडलिक आणि तू. दोघांचं वय सारखं.

एका दुपारी डोम उन्हात ठेवून आम्ही खोक्यांच्या सावलीत पन्हं पीत होतो. मी विचारलं, तुला हे ऐकू येतं तरी कसं? तेव्हा त्यानं सांगितलं. लहानपणी बाप डफडं शेकोटीवर शेकायचा. चामडं तापून ताठ झालं की कडेकडेनं टिचक्या मारायचा आणि पोराला विचारायचा, कुठं बसलं सांग. चूक सांगितलं की टिचकी पोराच्या डोक्यात. पुंडलिक हसत सांगत होता. मग हसू थांबलं.

"बाप जिंदगीभर दुसऱ्याचं बोलनं गावात वरडत फिरला, भाऊ. त्याचं सोताचं एक वाक्य कोनी आयकलं नाई. मले एक पायजे. कागदावर आपली सही. हा डोम चांगला हाय, असं मी म्हनतो, खाली माही सही. मंग ते इमान उडते."

तसा कागद असायचा. दुरुस्त डोमबरोबर दाखला जायचा, त्यावर मंजुरीचा शिक्का आणि सही. शिक्का नसला तर डोम विमानावर चढत नाही. तोवर दर खेपेला मुंबईचे तपासनीस येऊन शिक्का मारायचे. पण मालकांना आपला माणूस हवा होता, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात ठरलं की आमच्यातल्या दोघा मॅट्रिकवाल्यांची, म्हणजे पुंडलिकची आणि माझी, परीक्षा घेऊन एकाला शिक्का द्यायचा. पुंडलिक त्या दिवसापासून सही गिरवायला लागला. खोक्याच्या फळीवर खडूनं काढायचा आणि पुसायचा. शिक्का त्यालाच मिळणार याबद्दल कोणाला शंका नव्हती. मलासुद्धा नव्हती.

लोकांना वाटतं, क्रूरपणाला राग लागतो. साफ चूक. मला पुंडलिकचा राग कधीच नव्हता, तो मला आवडायचा. क्रूरपणाला लागते ती फक्त बारीकशी खाज, काचेच्या कुसळासारखी, आणि जवळपास एखादा मऊ माणूस. झालं असं की त्याच आठवड्यात दामल्यांनी कौतुकानं विचारलं, "काय हो इंगळे, तुम्ही आणि पुंडलिक नातलग का? मग त्याचा कान तुमच्याकडे कसा नाही?" त्यांनी अगदी सहज विचारलं. माझं डोकं सणकलं. नातलग! मी म्हणालो, छे छे साहेब, ते इंगळे वेगळे. त्याचा बाप आमच्या गावात डफडं बडवून दवंडी द्यायचा. कान तिथला आहे. दामले "अस्सं" म्हणाले. एवढंच. पण ते "अस्सं" लांब होतं.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये मजा सुरू झाली. कोणी शिवी दिली नाही, कोणी पाण्याचा माठ वेगळा केला नाही. शिकलेली माणसं होती. फक्त पुंडलिकनं पैसा उचलला की मागून कोणी तरी आवाज काढायचं, ऐका हो ऐका. दामले डोळे मिचकावून म्हणायचे, वाजवा आता. पुंडलिकनं पहिल्या दिवशी माझ्याकडे पाहिलं. त्यानं शेडमध्ये हे फक्त मला सांगितलं होतं. काहून सांगितलं, असं त्यानं विचारलं असतं तर मी काहीतरी थाप मारली असती. त्यानं विचारलंच नाही. मान खाली घालून ठोकत राहिला. मीसुद्धा एकदोनदा हसलो, सगळे हसत होते म्हणून.

परीक्षेला मुंबईहून तपासनीस आले ते मूळचे मद्रासकडचे, सज्जन, कपाळावर गंध, बोलणं इंग्रजीत. त्यांनी बरोबर एक बाद डोम आणला होता आणि त्यातल्या ओल्या जागांचा नकाशा पाकिटात सीलबंद. एकानं ठोकायचं, खडूच्या खुणा कागदावर उतरवायच्या, मग खुणा पुसायच्या आणि दुसऱ्यानं ठोकायचं. पहिला पुंडलिक, दुसरा मी. लाकडी घोडीवर डोम ठेवला, सगळे भोवती उभे. पुंडलिकनं पांढरा सदरा घातला होता, इस्तरीचा. त्यानं पैसा उचलला आणि मागून कोणीतरी तेच म्हणालं, ऐका हो ऐका. हशा पिकला.

साहेबांना कळेना. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि मला इंग्रजीत विचारलं, काय झालं? मला इंग्रजी येत होतं. मला म्हणता आलं असतं की काही नाही साहेब, टवाळखोर आहेत. मी सांगितलं की याचा बाप गावात ढोल वाजवून सरकारी हुकूम सांगायचा, याच्या रक्तातच ते आहे, वाजवतो छान. साहेबांचा चेहरा फुलला. त्या बिचाऱ्याला खरंच आवडलं. त्यांच्याकडे संगीताला मान. ते म्हणाले, मग सुरुवातीला थोडं ऐकू द्या की.

मी ते मराठीत पुंडलिकला सांगितलं. साहेब म्हणतात, दवंडीचं वाजवून दाखव.

डोक्यावर टिन तडतडत होतं. पुंडलिकच्या हातातला पैसा हलत नव्हता. त्याला कळत होतं की नाही म्हटलं तर साहेब नाराज, आणि शिक्का साहेबांच्या हातात. त्याचा बाप तेव्हा जिवंत होता, शेडपासून हाकेच्या अंतरावर गाठी वाहत होता. पुंडलिकनं पैसा खाली ठेवला, दोन्ही हातांची बोटं डोमवर टेकवली आणि वाजवलं. चांगलं वाजवलं. तीन वेळा तोच ठेका, मधे दवंडीच्या बोलण्यापुरती जागा सोडून. त्या मोकळ्या जागेत आमच्यातला एकजण ओरडला, ऐका हो. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. मी पण. गंगारामला ही गोष्ट पुढे कळली की नाही, मला माहीत नाही. अकोला तेव्हा काही एवढं मोठं नव्हतं.

मग मला शेडबाहेर थांबवलं आणि पुंडलिकनं परीक्षा दिली. सहा ठिकाणी खडू मारला. साहेबांनी कागदावर उतरवून घेतलं आणि शिपायानं कोरड्या फडक्यानं डोम पुसला. मग मला आत बोलावलं, आता माझी पाळी. मी पैसा घेऊन ठोकायला लागलो, आणि मला नेहमीप्रमाणे सगळीकडून एकच आवाज आला. पण दारातून ऊन तिरपं येत होतं. कोरड्या फडक्यानं खडू पुरता जात नाही, रंगाच्या बारीक छिद्रांत बसतो. मला पाच वर्तुळं दिसली. पुसट, पण दिसली. सहावं दिसलं नाही, ते नीट पुसलं गेलं असणार. मी मान कलती केली, डोळे अर्धे मिटले, आणि त्या पाच जागांवर खडू मारला.

पाकीट फोडलं तर नकाशात पाचच जागा. माझ्या पाच त्याच पाच. पुंडलिकची एक जास्त. ती सहावी जागा कापून पाहू या, असं कोणी म्हणालं नाही. साहेब म्हणाले, कान आहे, पण भरवशाचा नाही, नसलेलंही ऐकू येतं. कलावंताचं असंच असतं. शिक्का मला मिळाला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं दामले हसून म्हणाले. पुंडलिकनं येऊन माझा हात हातात घेतला. "चांगलं झालं, भाऊ," म्हणाला. त्याच्या बोटांना खडू होता, तो माझ्या हाताला लागला.

आता एवढ्या वर्षांनी वाळ्याच्या ताटीमागे पडल्या पडल्या मी त्या सहाव्या जागेचा विचार करतो. तिथं पाणी होतंच. मुंबईच्या नकाशात ते नव्हतं, कारण तो नकाशा काढणाऱ्याला पुंडलिकचा कान नव्हता. पैजेवर सांगतो. पण तेव्हा पुंडलिकला हे सांगायचं तर मला माझी पाच वर्तुळं कुठून आली तेही सांगावं लागलं असतं. बोलायची सोय मी माझ्या हातानं बंद करून घेतली होती.

मृग आठवड्यावर आला होता. पुढचे डोम नेहमीसारखेच गेले. पुंडलिक ठोकायचा, खडू मारायचा, आम्ही कापायचो, आणि दाखल्यावर मी सही करायचो. शेडमधले आता आवाज काढत नव्हते, मजा संपली होती. फक्त पुंडलिक एकेका जागेवर दोनदोनदा, तीनतीनदा ठोकायला लागला होता. पूर्वी त्याला एकदा पुरायचं. मी ते पाहत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो.

शेवटचा डोम उरला. पुंडलिकनं तो टोकापासून बुडापर्यंत ठोकला, परत ठोकला, आणि पैसा माझ्यापुढे धरला. डोमवर एकही खडूची खूण नव्हती.

"झालं?" मी विचारलं.

"आता तुमी आयका, भाऊ. शिक्का तुमच्यापाशी हाय."

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, आता हा उट्टं काढतो. ओली जागा ऐकू आली असून खडू मारला नाही, मला सगळ्यांसमोर उघडं पाडायला पैसा पुढे करतोय. दामले समोर होते, मालक आले होते. मी पैसा घेतला आणि ठोकत गेलो. टिकटिक टिकटिक. सगळं सारखं, मडक्यासारखं, भिंतीसारखं, नुसतं टिकटिक. घाम डोळ्यांत उतरत होता. न ऐकू येता "चांगला आहे" म्हणून सही केली आणि आत पाणी निघालं तर? काहीतरी ऐकू आल्याचं दाखवायलाच हवं होतं. मी दोन ठिकाणी थांबलो, एक बोट मागे गेलो, अगदी त्याच्यासारखं, आणि दोन वर्तुळं काढली. कुठं काढली? हात जिथं होता तिथं.

पुंडलिक पुढे आला. दोन्ही वर्तुळांत बोटानं ठोकलं, कान जवळ नेऊन. बराच वेळ. मग मागे सरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी समजलो की डाव उलटला म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. पहाटे शेडमध्ये कोणी यायच्या आत मी एकट्यानं त्या दोन जागा कापल्या. आतलं पोळं कोरडं होतं. पापडासारखं कोरडं, पांढरंशुभ्र, कप्पा न् कप्पा. एक चांगला डोम मी सुरीनं फोडून ठेवला होता. मग त्याला ठिगळं लावली, घासली, रंग दिला, दाखल्यावर शिक्का उठवला, सही केली आणि खोकं गाडीत चढवलं. माझी ठिगळं पुंडलिकच्या ठिगळांसारखी पातळ कधीच उतरत नसत. त्या पावसाळ्यात मी रोज सकाळी आधी पेपरमध्ये विमानाची बातमी शोधायचो, मग चहा प्यायचो. तशी बातमी आली नाही. पुढे वीसेक वर्षं मी असाच शिक्का मारत राहिलो, पुढच्या पोरांच्या खडूवर सह्या करत. चांगली नोकरी झाली. याच नोकरीवर अमरावतीला घर बांधलं.

पुंडलिक मला त्यानंतर एकदाच भेटला, अमरावतीच्या एसटी स्टँडवर. पाचसहा वर्षं मधे गेली असतील. असाच उन्हाळा, भर दुपार, डांबर चपलेला चिकटत होतं. तो धारणीला आदिवासी मुलांच्या शाळेत सुतारकाम शिकवत होता. तिशीच्या आतच कानशिलं पांढरी व्हायला लागली होती. बाप गेला म्हणाला. मुलगी झाली म्हणाला. मी रसवंतीतून दोन गिलास रस आणला, त्यानं घेतला. डोमचं तो काही काढत नव्हता, मी तर नव्हतोच. धारणीची गाडी लागायची वेळ झाली तेव्हा त्यानं गिलास खाली ठेवला.

"भाऊ, एक इचारू? राग नका मानू. त्या शेवटच्या डोमाचं."

मी म्हटलं, विचार.

"मले तो चांगला वाटला होता. एक बी जागा बसकी नवती वाटली. म्हून खडू नाई मारला. मंग तुमी दोन जागा काढल्या. मी मांगून ठोकून पायलं, तरी मले आयकू नाई आलं." तो थांबला. "परीक्षेत मले नसलेलं आयकू आलं अन् तिथं असलेलं नाई आलं. मले वाटलं, कान गेला आपला. बापाचं ते वाजवलं ना त्या दिवशी, तवापासूनच गेला असन. म्हून सोडलं मी. खरं सांगा, होतं ना तिथं पानी?"

तो माझ्याकडे पाहत होता. वैर नव्हतं हो त्या डोळ्यांत, कधी नव्हतंच. त्यानं पैसा माझ्यापुढे धरला होता तो स्वतःवरचा भरवसा उडाला होता म्हणून, मला उघडं पाडायला नव्हे. एक शब्द पुरला असता. नव्हतं. कोरडं होतं, पुंडलिक. तुझा कान शाबूत आहे. तो शब्द माझ्या जिभेवर आला, ही शपथेवर सांगण्यासारखी गोष्ट. आणि त्याच्या पाठोपाठ बाकीचं सगळं आलं. कोरडं होतं तर कापलं काहून? ऐकू येत नव्हतं तर परीक्षेत पाच जागा कशा काढल्या? तेव्हा माझं लग्न ठरत होतं, कंपनीत बढतीचं चाललं होतं.

"होतं," मी म्हणालो. "चांगलं घोटभर निघालं. बारीक जागा होत्या त्या, कोणालेच आल्या नसत्या आयकू."

पुंडलिकनं डोळे मिटले. मोठा श्वास सोडला, ओझं उतरल्यासारखा.

"मंग बरं झालं, भाऊ, मी सोडलं ते. कोनाचा तरी जीव घेतला असता मी."

धारणीची गाडी लागली. तो चढला, खिडकीशी जागा मिळाली, तिथून त्यानं मला हात केला. मीही केला.